गाव शोधू नका, अंमल शोधा
(वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : ताई, मी माण तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवतो. दहिवडी-म्हसवडपासून आटपाडीपर्यंतच्या माणदेशाचा इतिहास लिहावा असा मानस आहे. राजेरजवाड्यांचा नव्हे, शेतीचा, पाण्याचा, दुष्काळाचा. पुण्याच्या पुराभिलेखागारात दोन दिवस जाऊन आलो. 'माणदेश' म्हणून काहीच हाती लागले नाही. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षक, जि. सातारा

उत्तर : तुम्ही एवढ्या लांबून गेलात आणि हात हलवत परत आलात, याचं वाईट वाटलं. पण नवल नाही वाटलं. दफ्तरात 'माणदेश' नावाचा रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, नसतो, कारण माणदेश नावाचा कारभार कधी नव्हताच. माणदेश लोकांच्या तोंडी आहे. दफ्तर मात्र बोलण्यावरून लागत नाही, वसुलावरून लागतं. ज्याच्याकडे गावाचा वसूल जायचा, त्याच्याकडे गावाचा कागद जायचा. म्हणून गाव शोधू नका, अंमल शोधा.

एक मोठा कागद घ्या. डाव्या बाजूला तुमच्या पट्ट्यातली गावं लिहा, वरच्या बाजूला सालं. कोणतं गाव कोणत्या साली कोणाच्या अंमलाखाली होतं, ते भरत जा. माण-खटावची बहुतेक गावं १८१८ नंतर साताऱ्याच्या छत्रपतींच्या राज्यात होती. १८४८ साली ते राज्य खालसा झालं आणि तिथे कंपनी सरकारचा कारभार आला. आटपाडी मात्र औंध संस्थानात, ते १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे एकाच माळावर ज्यांची मेंढरं चरली, अशा दोन शेजारी गावांचे कागद दोन वेगळ्या मुलखांच्या दफ्तरांत गेले. तुम्ही एकाच दारावर थाप मारलीत, म्हणून दार उघडलं नाही. हा तक्ता भरायला महिना लागेल. लागू दे. पुढची दोन वर्षं तो तुमच्या उशाशी असेल.

आता पुणे. पेशवे दफ्तर ज्या इमारतीत आहे ती १८९१ साली खास दफ्तरासाठी बांधली गेली. जाड दगडी भिंती, उंच छत, आणि आत कापडात बांधलेले हजारो रुमाल. मी पहिला रुमाल सोडला तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर आहे. गाठ सुटली, कापडाची चार टोकं बाजूला केली, तर आत पुडक्यांवर पुडकी. प्रत्येक पुडक्यात लांबट, घड्या घातलेले कागद, कडा तपकिरी झालेल्या, आणि घडीच्या रेषेवर शाई अगदी पुसट. वरच्या कागदावर 'श्री' आणि खाली मोडीची एक अखंड ओळ. लेखणी न उचलता लिहिलेली, शब्द कुठे तुटतो ते कळेना. ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत. तीन तासांत मला चार ओळी लागल्या. त्यांत एका विहिरीच्या पाण्याच्या पाळीचा उल्लेख होता. दोन भाऊबंदांचं भांडण. मला तेव्हा वाटलं, हे तर आपल्या गावात परवाच झालं.

या दफ्तराचे भाग ओळखून घ्या. रोजकीर्द म्हणजे सरकारी कारभाराची रोजची नोंदवही. प्रांत अजमास म्हणजे त्या त्या प्रांतातून किती वसूल येईल याचा अंदाज आणि हिशेब. शाहू दफ्तर आहे, घडणीचे रुमाल आहेत, जमाव आहेत, आणि तुमच्या कामाचं म्हणजे सातारा महाराज दफ्तरही आहे. आटपाडीपुरतं औंधकडे वळावं लागेल, आणि संस्थानांसाठी कोल्हापूरच्या पुराभिलेखागारातही चौकशी करा. आणखी एक गोष्ट. १७५० च्या कागदात 'तालुका माण' असं सापडेल अशी आशा धरू नका. तेव्हाचे महसुली विभाग वेगळे : परगणा असे, तर्फ असे, संमत असे, कर्यात असे. गावाची नावंही आजच्यासारखी लिहिलेली नसतात. बुद्रुक कोणतं आणि खुर्द कोणतं, हे आधी गावातल्या जुन्या माणसांकडून पक्कं करून घ्या.

मोडी येत नसेल तर आधी मोडी शिका. पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेतं, इतर संस्थाही घेतात. दुसऱ्याकडून वाचून घेऊन इतिहास लिहिता येतो असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. वाचणारा तुमच्यासाठी तेवढंच वाचतो जेवढं तुम्ही विचारता, आणि तुम्हाला काय विचारायचं ते कागद वाचल्याशिवाय कळत नाही.

पुण्याच्या दफ्तरातला माझा सगळ्यांत आवडता भाग इनाम कमिशनचा. १८५२ च्या अकराव्या कायद्याने कंपनी सरकारने दख्खनमधल्या इनामांची आणि वतनांची छाननी सुरू केली. ज्यांना इनाम चालू ठेवायचं होतं त्यांना पुरावा द्यावा लागला. सनदा, महजर (गावच्या सभेने दिलेले निवाडे), निवाडपत्रं, वंशावळी बाहेर आल्या, कैफियती, म्हणजे ज्याची त्याची बाजू, लिहून घेतल्या गेल्या. अनेकांची इनामं गेली, घरंच्या घरं बसली. पण त्या धाकाने लोकांनी माळ्यावरचे कागद दाखवले, आणि त्यांच्या नकला दफ्तरात राहिल्या. छोट्या गावाची तीन-चार पिढ्यांची हकिकत एका जागी वाचायला मिळते ती इथे. एवढंच लक्षात असू द्या, की कैफियत देणारा आपला हक्क वाचवायला बोलत होता. तो आपल्या भावाचा हक्क सांगेलच असं नाही. आणि ज्याला इनामच नव्हतं, तो तिथे येणारच नाही.

माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी उत्साहाच्या भरात कागद उतरवून घ्यायची, पण रुमाल क्रमांक आणि पुडके क्रमांक लिहायची नाही. एका गावाच्या पाटीलकीचा सुरेख निवाडा मी असा उतरवला. चार वर्षांनी लेख लिहायला बसले तेव्हा तो कुठला, ते सांगता येईना. लेखात तो वापरता आला नाही. पुन्हा शोधायला सोळा दिवस गेले, आणि तो सापडला नाही तो नाहीच. आजही तो माझ्या वहीत आहे, आणि कुणाच्याच उपयोगाचा नाही. दफ्तराचं नाव, रुमाल, पुडकं, कागद : हे आधी लिहायचं, मग मजकूर.

इंग्रजी अंमलासाठी मुंबईला जावं लागेल. पुराभिलेख संचालनालयाची सुरुवात १८२१ ची, आणि एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महसूल खात्याचे बांधीव खंड आहेत. जमिनीची पद्धतशीर मोजणी इंदापूर तालुक्यात १८३५-३६ च्या सुमारास सुरू झाली, गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांच्या हाताखाली. तुमच्याकडे ती सातारा खालसा झाल्यावर आली. प्रत्येक तालुक्याच्या आकारणीचे अहवाल छापले गेले. त्यांत पाऊस, विहिरी, बाजारभाव, बैलांची संख्या, कोणतं गाव कोणत्या बाजाराला जातं, असं सगळं असतं. तीस वर्षांनी फेर आकारणी व्हायची. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचा. मधल्या काळात १८७६-७८ चा दुष्काळ येतो. विहिरी किती वाढल्या आणि जनावरं किती उरली, ते आकडेच बोलतात.

सातारा जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर, एकोणिसावा खंड, १८८५ चं. ते घ्याच, पण ते पहिलं वाचू नका. बहुतेक जण गॅझेटिअरपासून सुरुवात करतात आणि त्याचाच मराठी अनुवाद करून थांबतात. रामोशी, मांग यांच्याबद्दल त्यात जे लिहिलंय, ते साहेबाच्या आणि त्याला माहिती देणाऱ्यांच्या नजरेतून लिहिलंय. ती वाक्यं उचलून आपल्या पुस्तकात घालणं म्हणजे जिवंत माणसांच्या आजोबांवर पुन्हा शिक्का मारणं आहे. हे मी कळकळीने सांगते, कारण अशी पुस्तकं माझ्याकडे अभिप्रायाला येतात.

मग तालुका. भूमी अभिलेख कार्यालयात मोजणी-आकारणीचे कागद : टिपण, गुणाकार बुक, शेतवार पत्रक, आकारबंद. तहसीलच्या अभिलेख कक्षात जुने फेरफार, कडईपत्रकं, पीकपाणी. गाव नमुना १४ मध्ये जन्ममृत्यूच्या नोंदी, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात. यातलं काही 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर आता घरबसल्या दिसतं. फेरफाराची एक-एक नोंद वाचायला रूक्ष वाटेल. पण एका गावाचे १९१८ ते १९२२ चे फेरफार ओळीने वाचून पाहा. वारस नोंदींची रांग लागते, आणि कित्येक नोंदींत मयत माणूस तरुण असतो. इन्फ्लुएंझाची साथ गावात कोणत्या घरात शिरली, हे मला अशा नोंदींतून उमगलं, कुठल्या अहवालातून नाही.

एका कार्यालयात, नाव घेत नाही, जुन्या नोंदवह्या जिन्याखाली पोत्यांत भरलेल्या मी पाहिल्या. पावसाचं पाणी आत येत होतं. तळातल्या वह्यांची पानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. मी अर्ज केला, पुन्हा केला, चकरा मारल्या. तिसऱ्या वर्षी वरच्या वह्या कपाटात गेल्या. तळातल्या गेल्या त्या गेल्याच. तुमच्या तालुक्यात असं दिसलं तर गावकऱ्यांच्या सह्यांनिशी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याच्या अर्जापेक्षा ग्रामसभेच्या ठरावाला वजन असतं.

कागद नाहीत, याचंही कारण शोधायचं असतं. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला, तेव्हा त्यांना हवी होती ती कर्जाची खतपत्रं. ती ओढून काढून जाळली. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत अनेक गावांत तेच झालं. तिथल्या एखाद्या सावकाराचे १८७५ पूर्वीचे कागद मिळाले नाहीत, तर ते वाळवीने खाल्ले असं समजून पुढे जाऊ नका. या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७६ चा, आणि त्यात कर्जाच्या व्यवहारांचा तपशील इतका आहे की जळालेल्या कागदांची थोडी भरपाई होते.

कोणी एका गावाकडे टक लावून कसं पाहिलं, त्याचे नमुने हवे असतील तर तीन सांगते. थॉमस कोट्स या डॉक्टरने पुण्याजवळच्या लोणीचं केलेलं वर्णन, १८२३ साली छापलेलं. हॅरोल्ड मान यांचा पिंपळे सौदागरचा अभ्यास, १९१७ चा. आणि गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० च्या दशकात वाई तालुक्यात शेतीच्या जमाखर्चाची केलेली पाहणी. वाई तुमच्याच जिल्ह्यातली, पण पाण्याची. माणशी तिची तुलना करायचा मोह होईल. जरूर करा.

आणि १९७२ चा दुष्काळ. त्याच्या कामांचे मस्टर, हजेरीपट तुम्हाला फारसे मिळणार नाहीत. असले कागद मुदत संपली की नष्ट करायचे, असाच नियम असतो. पण खडी फोडलेले हात अजून तुमच्या गावात आहेत. दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव विचारा, कुठल्या तलावावर काम होतं ते विचारा, मजुरी कोण वाटायचं ते विचारा. हे काम दफ्तराच्या आधी करा. रुमाल पुढच्या वर्षीही तिथेच असेल.

प्रश्न : आमचे आजेसासरे गावचे कुळकर्णी होते. वाडा पाडताना माळ्यावर पत्र्याची एक ट्रंक सापडली. आत मोडी कागद आहेत, काहींना कसर लागली आहे. एकाने सांगितले लॅमिनेट करून घ्या, दुसरा म्हणतो मला द्या, मी वाचून आणून देतो. एका कागदावरचा मजकूर गावातल्या गुरुजींनी असा लावला : 'सु॥ सलास सबैन मया व अलफ, छ ५ रमजान'. हा कागद मुसलमानी राज्यातला आहे का?
– एक गृहिणी, जि. पुणे

उत्तर : नाही हो, हा पेशवाईतला कागद आहे. मराठ्यांच्या दफ्तरात साल अरबी शब्दांत लिहायची रीत होती. त्याला सुहूर सन म्हणतात, आणि तो मृगाला सुरू होतो, शेतकऱ्याच्या वर्षासारखा. एकम आधी, मग दशक, मग शतक. सलास म्हणजे ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. झाले ११७३. त्यात ५९९ मिळवा : १७७२. मृग १७७२ ते मृग १७७३ असं हे साल. 'छ' म्हणजे चंद्र, म्हणजे हिजरी महिन्याची तारीख. त्या साली रमजान नोव्हेंबरच्या अखेरीस लागला होता. थोरले माधवराव पेशवे थेऊरला वारले ते १८ नोव्हेंबर १७७२ ला. तुमच्या ट्रंकेतला कागद त्यानंतर पंधरवड्याच्या आत लिहिला गेलाय. पेशवाईवर एवढा आघात झालेला असताना तुमच्या गावात कुळकर्णी बसून काय लिहीत होते, हे वाचायची मला स्वतःला उत्सुकता आहे.

लॅमिनेट अजिबात करू नका. चिकटपट्टी लावू नका, उन्हात वाळवू नका, घड्या जोर लावून उघडू नका. आणि कागद 'नीट लावू' नका. कोणता कागद कोणत्या गठ्ठ्यात, कोणाच्या खाली होता, ही सुद्धा माहिती आहे. मोठ्यात मोठा गुन्हा म्हणजे तारीखवार लावायच्या भरात मूळ बांधणी मोडणं. आहे त्या क्रमाने प्रत्येक गठ्ठ्याला वेगळ्या चिठ्ठीवर क्रमांक द्या, चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा, कागदावर शाईने काही लिहू नका. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, फोटोत क्रमांकाची चिठ्ठी दिसू द्या. जुनी ट्रंक गंजलेली असेल तर स्वच्छ धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या कपाटात ठेवा. कसर लागलेले बाकीच्यांपासून वेगळे.

'वाचून आणून देतो' म्हणणाऱ्याला मूळ कागद देऊ नका. फोटो द्या. माझ्या माहेरचे तीन गठ्ठे एका अभ्यासू गृहस्थांनी असेच नेले होते. वडिलांनी विश्वासाने दिले, पोच मागितली नाही. ते गृहस्थ गेले, घर विकलं गेलं, कागद कुठे गेले कोणालाच ठाऊक नाही. वडील शेवटपर्यंत त्याबद्दल बोलायचे.

घरात जपणं जमणार नसेल तर पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१० मध्ये वि. का. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी ते स्थापलं. तिथले लाखो कागद अशाच माळ्यांवरून आले आहेत. राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून कागद जमवले. वाईला सापडलेल्या कागदांचा त्यांचा पहिला खंड १८९८ साली निघाला. देताना यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन द्या, आणि आपल्या घराण्याच्या नावाने संग्रह वेगळा ठेवावा अशी अट लिहून घ्या.

प्रश्न : मी पीएचडीसाठी अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या ग्रामीण स्त्रियांवर काम करते. दीड वर्ष दफ्तर पाहते आहे. पाटील दिसतो, कुळकर्णी दिसतो, बलुतेदार दिसतो. बाई कुठेच दिसत नाही. विषय बदलू का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : बदलू नकोस. महजराच्या तळाशी बघ. गोतसभेत, म्हणजे गावच्या निवाड्याच्या सभेत, बसलेल्यांना लिहिता येत नसे, तेव्हा सहीच्या जागी निशाणी काढत. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी, चांभाराची रापी. एका ओळीत सगळं गाव आपापली हत्यारं टेकवून बसल्यासारखं दिसतं. त्याच ओळीत कधी कधी एक छोटं वर्तुळ असतं, कडेला नाव आणि 'निशाणी बांगडी'. ती बाई. बहुतेकदा विधवा, वतनाचा हक्क सांगायला किंवा सोडून द्यायला आलेली. मी जेव्हा जेव्हा ते वर्तुळ पाहते तेव्हा थांबते. काही वर्तुळं सुबक असतात. एक मी पाहिलं होतं त्याची दोन टोकं जुळलेलीच नव्हती, शाई मध्येच ओघळली होती. हात कापत होता की कुणी हात धरून काढून घेतलं, ते कागद सांगत नाही.

तेव्हा 'स्त्री' असं शोधण्यापेक्षा दत्तकाची प्रकरणं काढ. नवरा वारला, मूल नाही, वतन कोणाकडे जायचं, असा पेच पडला की दफ्तराला बाईचं नाव लिहावंच लागतं. इनाम कमिशनच्या कैफियतींतही विधवा बोलताना सापडतात. दुष्काळी कामांचे तक्ते बघ, त्यात मजूर स्त्रिया आणि मुलं वेगळी मोजलेली असतात. नावं नसतात, पण संख्या असते. फेरफारात बहिणीचं हक्कसोड असतं.

आणि दफ्तराबाहेर ये. गी पोइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, गाणाऱ्या बायांच्या आणि त्यांच्या गावांच्या नावांसकट. 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'च्या संकेतस्थळावर त्या वाचता येतात, ऐकता येतात. ओवीला साल नसतं, म्हणून काही मार्गदर्शक ती पुरावा मानत नाहीत. पण सासुरवास, भावाची वाट, सावकाराचं देणं या गोष्टी ज्या तोंडांनी सोसल्या त्याच तोंडांनी तिथे सांगितल्या आहेत, कुळकर्ण्याच्या लेखणीतून गाळून नव्हे. तू ज्या परगण्याचं दफ्तर वाचतेस, त्याच भागातल्या गावांच्या ओव्या आधी काढ. मग पुन्हा तोच रुमाल सोड. नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थपुरोहितांच्या, वह्याही तुझ्या घराजवळच आहेत. यात्रेला आलेल्या कुटुंबांची नावं, गाव, पिढ्या त्यांत उतरवलेल्या असतात, आणि कुठे कुठे बायकांची नावंही. परवानगी मिळायला वेळ लागतो. पहिल्या भेटीत वही मागू नकोस. आपल्या स्वतःच्या घराण्याची नोंद आहे का, तेवढंच विचार आणि ते पानं कशी उलटतात ते बघत बस.